पाणी पिऊन दाखवा

माझ्या मावससासूबाईंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिलेला नाही, असं मी कुणाशीही पैज लावून सांगत आलो आहे. त्यांची नजर समोरच्याच्या हनुवटीखाली सुरू होते आणि शर्टाच्या पहिल्या बटणापाशी संपते. बाकीचा ऐवज, म्हणजे नाक-डोळे, कपडे, गाडी, पगार, हा त्यांच्या लेखी त्या चार बोटं जागेला लटकवलेला पसारा. माझं लग्न ठरवायला आम्ही सांगवीला गेलो होतो, तेव्हा बायकोकडची मंडळी कंपनी कोणती, शिफ्ट कोणती, घर स्वतःचं की भाड्याचं अशा रीतसर चौकशा करत होती. कोपऱ्यात जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक बाई काही न विचारता माझ्याकडे एकटक बघत बसल्या होत्या. मी घाबरून समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यायलो. त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "परत एकदा प्या बघू." मी प्यायलो. "आता मान जरा वर करून." मी तेही केलं. मग त्या मागे टेकल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "छान आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत." बाईंचा घरात दरारा मोठा, त्यामुळे सगळ्यांनी ही पसंती समजून पेढ्यांचा पुडा सोडला. त्यांनी पसंत केली होती ती माझी थायरॉइड ग्रंथी, हे मला लग्नानंतर कळलं.

तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला जावईबापू म्हणतात, पण ओळखतात ते मानेवरूनच. एकदा थंडीत सांगवीच्या बसस्टॉपवर मी त्यांच्यासमोर उभा होतो. नमस्कार केला, तरी बाई ढिम्म. माझ्या आरपार बघत त्या बसची वाट बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी बिनसलंय. घरी बायकोचं काही भांडण झालंय का, इथपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं आणि मी मफलर खाली ओढला. "अगं बाई, जावईबापू! केव्हा आलात?" असं म्हणून त्यांनी माझी अशी प्रेमानं विचारपूस केली की मला मफलरचाच राग आला. बंद गळ्याचा कोट हा तर त्यांचा जन्माचा वैरी. लग्नात नवरदेव तसा कोट घालून उभा राहिला की त्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजतात, "ह्याला काय लपवायचंय हो?" आणि नवरदेवानं कधी घसा ओला करायला पाणी घेतलंच, तर भेट देणाऱ्यांची रांग सोडून बाजूनं वाकून बघतात.

हा काही चाळा नव्हे, त्यांचा धंदाच तो. वडील पिंपरीच्या एका कंपनीत मशीन शॉपमध्ये होते, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सात माणसं राहायची, आणि त्या सातांतल्या ह्या एकीनं विज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढं सगळी नोकरी त्यांनी नदीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत केली. थायरॉइडच्या संप्रेरकात बिघाड होतो तो का होतो, आणि एखाद्या घराण्यात तो आजोबांपासून नातवापर्यंत का चालत येतो, हे शोधायचं. त्यासाठी माणसाच्या पेशीतली जनुकं अक्षर अक्षर वाचायची. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं," आणि ते इतक्या सहज म्हणायच्या की जणू गॅसवरचं दूध उतरवायचं राहून गेलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्रयोगशाळेनं शाल दिली, भाषणं केली, दोघंतिघं रडलेही. पुढच्या सोमवारी बाई नेहमीच्या वेळेला नेहमीच्या स्टुलावर. आता तुम्ही यायचं नसतं, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

नावामागं डॉक्टर असल्यामुळे कुठल्याही कार्यक्रमात बायका फायली घेऊन त्यांच्याभोवती जमतात. एकजण हळूच म्हणते, "मावशी, मला थायरॉइड आहे." मावशी शांतपणे म्हणतात, "असायलाच पाहिजे. नसता तर मला काळजी वाटली असती." दुसरी विचारते, कोबी चालतो का, फ्लॉवर चालतो का, वजन कशानं उतरेल. मग मात्र त्यांचा पारा चढतो. "मी डॉक्टर आहे, पण औषधाची नाही. मी गोळी देत नाही, मी कारण शोधते. तुम्हाला कारण नकोय, तुम्हाला गेल्या वर्षीचा ब्लाउज व्हायला हवाय!" असं फटकारल्यावरही बायका हटत नाहीत, कारण एवढं बोलून झाल्यावर त्या प्रत्येकीचा कागद वाचतात आणि कुणाला कुठल्या डॉक्टरकडे जायला हवं ते नीट सांगतात. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून मिठाची बरणी गॅसपासून लांब ठेवणं आणि तिला झाकण लावणं हेही त्यांचं ठरलेलं काम. आयोडीन उडून जातं म्हणून. आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तर चालतं, बरणी उघडी राहिलेली चालत नाही.

त्यांचा थर्माकोलचा डबा तर सांगवीच्या रिक्षावाल्यांत प्रसिद्ध आहे. त्यात बर्फ आणि बर्फात रक्ताच्या नळ्या असतात, पण बाहेरून तो थेट कोळणीच्या डब्यासारखा दिसतो. एका नवीन रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल लावत विचारलं, "मावशी, मच्छी हाय का त्यात?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा. एक अख्खं घराणं आहे." त्या बिचाऱ्यानं पुढचा रस्ता आरशातून डब्यावर नजर ठेवत काढला. आणि घराणं म्हटलं की त्यांचे ते चौकोन आणि गोल. पुरुष चौकोन, बाई गोल, नवरा-बायकोत आडवी रेघ, पोरांसाठी खाली उभ्या रेघा. कुणी गावगप्पा सांगायला बसलं तरी त्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर, बसच्या वाफाळलेल्या काचेवर, आमच्या जेवणाच्या टेबलावर सांडलेल्या ताकात बोटानं आकृती काढतात. "थांबा, ह्यानं मामाची मुलगी केलीय? मग इथं दुहेरी रेघ." सांगणारीची गोष्ट भांडणाची असते, ती तिथंच मरते. मावशींच्या बोटाला मात्र गोष्ट वेगळीच कळलेली असते. हे सगळं मी वर्षानुवर्षं हसून घेत आलो. मित्रांना त्यांच्या नकला करून दाखवल्या. आमच्याच घराला त्यांच्या या वेडाची गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

वाकडला आम्ही बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. गृहप्रवेशाला बौद्ध पद्धतीनं परित्राण पाठ ठेवला होता. माझी थोरली बहीण चाकणजवळच्या गावात दिलेली. ती, दाजी, तिच्या सासूबाई आणि माझा भाचा असे सगळे आले होते. दाजींच्या घराण्याविषयी एक सांगायला हवं. ही माणसं शांत म्हणून बसत नाहीत. बसली तरी त्यांचे पाय हलत असतात, हात काहीतरी चिवडत असतात, जेवायला बसली की आपला वरणभात होईतो त्यांचं ताट धुऊन पालथं पडलेलं असतं. ताईच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, गळ्याशी लिंबाएवढी गाठ, पण जिना चढताना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मागं टाकतील. भाचा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर होता आणि त्याच्या हाताला भारी वेग होता. दाजीही तरुणपणी भोसरीत प्रेसवर असेच गाजलेले ऑपरेटर होते. पण पुढं त्यांचा गळा सुजला, काळीज धडधडायला लागलं, रिपोर्टमध्ये थायरॉइड वाढलेला निघाला आणि ती ग्रंथी ऑपरेशन करून काढली. त्यानंतर रोज थायरॉइडची गोळी घेऊनही दाजी विझल्यासारखे झाले. मशीनवर डुलकी लागायला लागली, तेव्हा भीतीपोटी त्यांनी स्वतःच काम सोडलं. बोलता बोलता झोपणारा माणूस म्हणून आता सगळे त्यांची चेष्टा करायचे, मीही करायचो.

आणि आता तेच सगळं भाच्याचं चाललं होतं. गळ्याला सूज, छातीत धडधड, वर्षभर गोळ्या घेऊन सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. ताई त्या दिवशी हसत होती, पण प्रत्येकाजवळ जाऊन हळूच तेच सांगत होती, "ह्यांचं झालं तसं पोराचं होऊ नये, बास." पोरगा चोवीस-पंचवीसचा. तोही बापासारखा विझेल का, ही एकच धास्ती तिला खात होती. दाजी मात्र निवांत होते. "आमच्यात काढत्यातच," असं ते जावळ काढण्याच्या सुरात सांगायचे.

पाठ सुरू झाला. भंतेजींसमोरच्या कलशाला गुंडाळलेला पांढरा धागा ओळीनं सगळ्यांच्या हातांतून फिरवला होता. शेवटचं टोक मावशींच्या हातात. सगळ्यांनी डोळे मिटले. मी थोड्या वेळानं एक डोळा उघडून पाहिलं, तर मावशींचे दोन्ही डोळे सताड उघडे. त्या हातातल्या धाग्याकडे बघत होत्या. धागा थरथरत होता. त्यांची नजर धाग्यावरून सरकत सरकत गेली, माझ्या बायकोवरून, माझ्यावरून, ताईवरून, आणि भाच्याच्या बोटांपाशी थांबली. तिथं धागा बारीक कापत होता. पलीकडे दाजी मान खाली घालून चक्क झोपले होते आणि त्यांच्या बोटांत धागा निवांत. त्यांच्या पलीकडे ताईच्या सासूबाई, आणि तिथं धागा परत कापत होता. मावशी हळूच जाग्यावर गुडघ्यांवर उंच झाल्या. त्यांच्या तोंडावर जो भाव आला तो मी पूर्वी फक्त एकदाच पाहिला होता, आमच्या कंपनीत वर्षभर न सापडलेला बिघाड एका म्हाताऱ्या फिटरला सापडला होता तेव्हा.

पाठ संपला की परित्राणाचं पाणी सगळ्यांना प्यायला देतात. ते द्यायचं काम माझ्या मेहुण्याकडे होतं. मावशींनी त्याच्या हातातून तांब्या जवळजवळ हिसकावून घेतला. ओंजळ पुढे करणाऱ्या प्रत्येकाला त्या पाणी घालत आणि वाकून त्याचा गळा बघत. बाकीच्यांना एकेक घोट मिळाला. भाच्याला त्यांनी तीन वेळा पाजलं, आणि ताईच्या सासूबाईंना तर इतकं की त्या शेवटी म्हणाल्या, "बास की बया, आता काय हितंच आंघूळ घालती?" त्यांचा गळा बघत मावशींनी विचारलं, "आजी, ही गाठ कधीपासून?" "ल्हानपनापासून. लई जनांनी सांगितलं कापून टाक म्हनून. म्या न्हाई कापू दिली." मावशींनी तांब्या मेहुण्याला परत दिला आणि भाच्याला म्हणाल्या, "तुझे रिपोर्ट दाखव."

त्याच्या मोबाईलमध्ये सगळे होते. मावशींनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन नाकाला लावली. भाचा जरा फुशारकीनं म्हणाला, "मावशी, बाकीचे दोन वाढलेत, पण तो टीएसएच का काय, तो नॉर्मल हाय बरं का. डॉक्टर पण म्हणले, तेवढं एक बरं." मावशी म्हणाल्या, "तेच तर बरं नाही. तो नॉर्मल असायला नको."

मग त्यांनी आम्हाला बाल्कनीत नेलं आणि समजावून सांगितलं. माझी नोकरी स्टोअर्समधली, म्हणून माझ्याच भाषेत. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी आहे, ती ऑर्डर काढते. तीच ऑर्डर रिपोर्टमध्ये टीएसएच म्हणून दिसते. थायरॉइड त्या ऑर्डरप्रमाणे माल बनवतो. माल जास्त झाला की ऑर्डर बंद व्हायला हवी, कुठल्याही कंपनीत होते तशी. या पोराच्या रक्तात माल ओसंडून वाहतोय, तरी ऑर्डर येतच आहे. का? "कारण माल पोचलाय हे त्यांना कळतच नाही. गोदामाचं कुलूप ह्या किल्लीनं पुरतं उघडत नाही. कुलूप बनवणाऱ्या जनुकात कुठंतरी चूक असणार. म्हणून अंग म्हणतं, आणखी पाठव, आणखी पाठव. काळजाचं कुलूप मात्र वेगळ्या बनावटीचं असतं, ते उघडतं, म्हणून काळीज धावतं." मी विचारलं, "मग ऑपरेशन?" त्या म्हणाल्या, "ग्रंथी चुकलेलीच नाही. लागतं तेवढं ती बिचारी बनवतेय. तिला काढून काय होणार?" आणि काचेच्या दारातून त्यांनी आत पाहिलं. सोफ्यावर दाजी हातात लाडू घेऊन झोपले होते.

दुसऱ्याच दिवशी बाई डबा घेऊन त्या सर्जनकडे गेल्या. मी सोबत होतो आणि आता खडाजंगी होणार म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. पण मावशी तिथं निराळ्याच होत्या. आवाज खाली, बोलणं मोजकं, कागदावर त्यांचे चौकोन आणि गोल. "माझी खात्री नाही, संशय आहे. मेंदूतल्या ग्रंथीला छोटी गाठ असली तरी असं दिसू शकतं, ते तुम्ही तपासा. जनुक मी तपासते. तोवर थांबता येईल का?" सर्जन तरुण होता. त्यानं रिपोर्ट परत पाहिले, ती आकृती पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, हे मी शिकताना एकदा वाचलं होतं. समोर कधी बघेन असं वाटलं नव्हतं." त्यानं ऑपरेशन पुढं ढकललं. खरा विरोध झाला तो भाच्याकडून. "अहो मावशी, सुट्टी मंजूर झालीय! आता लाइन लीडरला काय सांगू, गळा बरा झाला म्हणून?" मावशी म्हणाल्या, "सांग, घराण्याचा तपास चाललाय."

रक्त घ्यायला त्या स्वतः चाकणला गेल्या. मी गाडी चालवत होतो. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे ट्रक, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस एकमेकांत अडकून पडलेल्या. मी वैतागून हॉर्न वाजवत होतो आणि शेजारची सीट केव्हा रिकामी झाली ते मला कळलंच नाही. बघतो तर मावशी शेजारच्या ट्रकच्या दाराशी उभ्या राहून ड्रायव्हरला पाण्याची बाटली देत होत्या. भर उन्हात कुणीतरी आपुलकीनं पाणी देतंय म्हणून तो माणूस गहिवरला होता आणि घटाघटा पीत होता. परत येऊन त्या म्हणाल्या, "काही नाही, नुसतीच चरबी आहे." ताईकडे गेल्यावर त्यांनी सगळ्यांना समोर बसवून, रक्त कशासाठी घेतेय, त्यात काय शोधणार, नको असेल तर सरळ नाही म्हणा, हे सगळं आधी सांगितलं. ताईच्या सासूबाईंनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "घे. पर जे निघंल ते मला पयलं सांगायचं. माझ्यापासनं आलंया ना?"

निकाल आला त्या दिवशी मावशींनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी पहिल्यांदाच तिथं गेलो. स्क्रीनवर चार अक्षरं पुन्हा पुन्हा, ओळींमागून ओळी, कुठं शब्द नाही, विराम नाही. बाई ते वर्तमानपत्रासारखं वाचत होत्या. एके ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. "हे तुमच्या ताईच्या सासूबाईंचं. हे दाजींचं. हे भाच्याचं. तिघांत हे एक अक्षर बदललेलं आहे." मी ते अक्षर पाहिलं. त्या एका अक्षरामुळे एक म्हातारी ऐंशीनंतरही पळत होती, एक पोरगा लाइनवर झपाझप सुटे भाग लावत होता, एका घरात दोन पिढ्या घाईघाईनं जेवत होत्या, आणि एका माणसाचं अर्धं आयुष्य झोपेत गेलं होतं. इतकी वर्षं मी जिच्या नकला केल्या ती बाई बसच्या काचेवर बोटानं काय शोधत होती, ते मला त्या क्षणी कळलं. मी ताईला फोन लावायला मोबाईल काढला. त्या म्हणाल्या, "चला. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

ताईच्या घरी सगळे बसलेले. शब्द दिल्याप्रमाणे मावशींनी आधी सासूबाईंना सांगितलं. मग भाच्याला सांगितलं की ऑपरेशन नाही, त्या गोळ्या बंद, काळजाची धडधड शांत करणारी एक साधी गोळी डॉक्टर देतील, तेवढी पुरे. ताई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मग, ज्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, ते दाजी टक्क जागे होऊन म्हणाले, "मंजी, माझं उगाच काढलं?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी सावरून घेतील, तसं काही म्हणता येत नाही वगैरे. मावशींनी चष्मा काढला. "हो," त्या म्हणाल्या. "उगाच काढलं. तेव्हा इथं हे ओळखायची सोय नव्हती, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण भाऊ, तुमची ग्रंथी आजारी नव्हती. तुमच्या अंगाला जास्त लागतं, म्हणून ती बिचारी ओव्हरटाइम करत होती." दाजींनी गळ्यावरच्या जुन्या खुणेवर दोन बोटं टेकवली. मग त्यांनी विचारलं, "पोराचं राहिलं न्हवं?" "राहिलं." "मंग झालं," दाजी म्हणाले, आणि ताईच्या शेजारी बसून तेही रडले. त्या माणसाला मी रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या झोपेची मी चेष्टा करायचो हे आठवून मला तिथं बसवेना.

पुढं मावशींनीच दाजींना एका तज्ज्ञाकडे पाठवलं. इतर रुग्णांना पुरते तेवढी गोळी दाजींना कधीच पुरणार नव्हती, हे आता कळलं होतं. काळजावर लक्ष ठेवत ठेवत ती हळूहळू वाढवली. काही महिन्यांनी एका सकाळी ताईचा फोन आला. आवाज असा की मी घाबरलोच. "अरे," ती हुंदके देत म्हणाली, "ह्यांचा पाय हलतोय! पेपर वाचतायत आणि पाय हलतोय!" मी मावशींना कळवलं तर त्या फक्त "हं" म्हणाल्या, पण त्या दिवशी म्हणे त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना जिलबी खिलवली.

भाच्याचं लग्न झालं, वर्षभरात मुलगी झाली. मावशी दवाखान्यात डबा घेऊन हजर. नाळेतलं रक्त घेतलं आणि नामकरणाच्या दिवशी निकाल घेऊन आल्या. तेच अक्षर बदललेलं. दाजींनी नातीला छातीशी धरून एकच विचारलं, "हिचं कुनी काढनार न्हाई ना?" मावशी म्हणाल्या, "कुणी हात लावणार नाही. आता आपल्याला माहीत आहे." मग सवयीप्रमाणे त्या बाळाचा गळा बघायला वाकल्या. गुटगुटीत पोर, हनुवटी थेट छातीवर टेकलेली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "अहो, हिला मानच नाही!" त्या हताश होऊन म्हणाल्या, आणि दुसरं काही बघायला नसल्यामुळे त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ताईनं विचारलं, "मावशी, कुणासारखी आहे हो?" चौकोन आणि गोलांतून सगळी घराणी ओळखणाऱ्या मावशी गोंधळून म्हणाल्या, "मला नाही बाई कळत त्यातलं."

आता मावशी प्रयोगशाळेत जात नाहीत. हात थरथरतात, ते मात्र वयामुळे. स्टुलावर दुसरं कुणी बसत असेल. थर्माकोलच्या डब्यात त्यांनी कोथिंबीर लावली आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही भाच्याच्या मुलीला घेऊन सांगवीला जातो. ती आता चुरूचुरू बोलते आणि खुर्चीत बसली की पाय हलवते, पण तिला कुणी ओरडत नाही. परवा गेलो तेव्हा मावशी खिडकीशी बसल्या होत्या, थोड्या वाळलेल्या, थोड्या लहान झालेल्या. पोरगी आपणहून स्वयंपाकघरातून पेला घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, पाणी पिऊन दाखवू?" तिनं हनुवटी उंच केली आणि मोठे मोठे घोट घेत सगळं पाणी संपवलं. आता तिला चांगली मान आली आहे. पेला खाली ठेवून तिनं विचारलं, "पाहिलंस?"

"पाहिलं हो," मावशी म्हणाल्या. पण मी शेजारीच बसलो होतो. त्या सबंध वेळ तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. इतकी वर्षं लावत आलेली पैज मी त्या दिवशी हरलो.